फाइल कोणती टाकायची?

२०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस जुनी म्हणून विकत मिळाली, की हौशी माणसाचे हात शिवशिवायला लागतात. गाडी मुळातच दांडगी आहे. १९८४ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर टॉर्क. त्यात आधीच्या मालकाने मोठा इंटरकूलर आणि मोकळा एअर फिल्टर बसवलेला असला, तर प्रश्न एकच उरतो: इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूत, कोणती फाइल टाकायची? ट्यूनर मोबाइलवर आलेख दाखवतो. एक ९५ ऑक्टेनची फाइल, एक १०० ऑक्टेनची, एक स्टेज २ची. सगळ्यांत उंच रेघ ३००च्या वर गेलेली असते आणि बोट नेमकं तिच्यावर जाऊन थांबतं.

पण हीच गाडी सोमवारी सकाळी साडेआठला कोथरूडहून हिंजवडीला निघणार असते. फाइलची निवड त्या रस्त्यावरून व्हायला हवी.

फाइल बदलली म्हणजे नेमकं काय बदललं? टर्बोने हवा किती दाबायची आणि पिस्टन माथ्याला पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी टाकायची, हे मुख्यतः. दाब वाढवला, ठिणगी थोडी अलीकडे आणली, की गाडी उचलते. मात्र मर्यादा ओलांडली तर ठिणगीची ज्वाला पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं. हेच नॉकिंग. ते टाळण्याची पेट्रोलची कुवत म्हणजे ऑक्टेन. म्हणून फाइल आणि पेट्रोल यांची गाठ पक्की असते.

इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२०मध्ये आणलं. पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे दोन्ही होती, आणि भाव लिटरला १६० रुपयांच्या घरात होता. त्या पेट्रोलावर बेतलेली फाइल घेतली, की माणूस त्या पंपाला बांधला जातो. कोल्हापूरवरून आंबोली घाटाने गोव्याला निघालं आणि वाटेत टाकी अर्धी झाली, तर समोर येईल त्या पंपावर थांबावं लागतं. तेव्हा फाइल ९५ची घ्यावी. १०० मिळालं तर जरूर भरावं, पण ते इंजिनाला मोकळा श्वास म्हणून.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलच्या नावाने सध्या सगळेच बोटं मोडतात. नॉकिंगच्या बाबतीत मात्र ते मदतच करतं, कारण त्याचं ऑक्टेन १००च्याही वर आहे. अडचण दुसरीकडे आहे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावं लागतं आणि इंजिनाच्या हायप्रेशर इंधन पंपावर भार येतो. फाइल बनवताना २० टक्के इथेनॉल धरलं होतं का, हे ट्यूनरला स्पष्ट विचारावं.

खरी मेख टॉर्कमध्ये आहे. या गाडीतला सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, डीक्यू२५०, कंपनीच्या कागदावर ३५० न्यूटन मीटरसाठी आहे. म्हणजे कारखान्यानेच भांडं काठोकाठ भरून दिलंय. कनेक्टिंग रॉड वाकवतो तो टॉर्क, क्लच घसरवतो तोही टॉर्कच. २५०० आरपीएमला एकदम धक्का देणारी फाइल चाचणीच्या फेरीत मोहात पाडते, आणि त्याच आरपीएमला रॉड आणि क्लचला सगळं सोसावं लागतं. अश्वशक्ती टॉर्क आणि आरपीएमच्या गुणाकारातून येते. ५३०० आरपीएमला ३७० न्यूटन मीटर टिकवले, तरी २७९ अश्वशक्ती होते. त्यामुळे खाली टॉर्क आवरून धरणारी, वर मोकळी सोडणारी फाइल मागावी आणि सोबत गिअरबॉक्सचीही ट्यून करून घ्यावी. चांदणी चौकाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबायची सवय असेल, तर हे अधिकच महत्त्वाचं. कमी आरपीएम आणि जास्त दाब असताना थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो. त्याला आळा बसावा म्हणून ऑइल एपीआय एसपी दर्जाचं किंवा कंपनीने सांगितलेलं तरी हवंच.

स्टेज २चा विचार रोजच्या गाडीसाठी सोडून द्यावा. त्यात डाउनपाइप बदलतात आणि बहुतेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात. तो धूर मागे सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. कायदाही कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीपासून बदल लपवला, तर अपघातानंतरचा दावा अडकू शकतो. पैसे मोजण्याआधी हे सगळं तपासलेलं बरं.

आणि फाइल टाकल्यावर आलेखापेक्षा लॉग मागावा. मोकळ्या, सुरक्षित जागी किंवा डायनोवर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६००० आरपीएमची एक ओढ, लॅपटॉपवर आकड्यांचे रकाने: दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि चारही सिलिंडरांत ईसीयूने ठिणगी किती अंश मागे घेतली. एकाच सिलिंडरमध्ये आकडा सतत फुगत असेल, तर आधी त्याचा प्लग आणि कॉइल पाहायची. चारही रकाने एकदम उणे पाचाकडे घसरत असतील, तर पेट्रोल फाइलला पुरं पडत नाही किंवा उष्णता जास्त होतेय. पहिली ओढ सगळ्यांचीच छान येते. तिसरी पाहावी, लगोलग घेतलेली, इंटरकूलर तापल्यावरची. आणि जानेवारीत ट्यून केली असेल, तर एप्रिलमध्ये, दुपारी दोनला, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून निघालेली गाडी तशीच ट्यूनरकडे न्यावी आणि तोच लॉग पुन्हा घ्यायला लावावा.