एका शब्दाच्या छताखाली

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या निबंधात असे वाक्य आले होते : बालगंधर्व, 'नटरंग'मधील गुणा आणि यल्लम्माचा जोगता ही तृतीयपंथीयांची तीन रूपे होत. त्यावर प्रस्तुत लेखकाने 'चांगले निरीक्षण' असा शेरा मारला आणि वर्गात ते वाचूनही दाखवले. तास संपल्यावर दुसरा एक विद्यार्थी मागे थांबला. घरी कोणी नसताना आपण साडी नेसतो, एवढे त्याने खाली मान घालून सांगितले आणि विचारले, "सर, मग या तिघांपैकी मी कोण?" मला उत्तर सुचले नाही. आपला शेरा चुकला होता, हे मात्र उमगले.

त्या तिघांकडे नीट पाहावे. नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967) यांनी सिंधू-भामिनी रंगवल्या, त्या स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास समाजाची मनाई असलेल्या काळात. त्यांचा स्त्रीवेश ही कला होती; तिला टाळ्या मिळाल्या आणि 1964 मध्ये पद्मभूषणही. आनंद यादवांचा गुणा फडाची नड म्हणून नाच्या होतो. गाव मात्र भूमिका आणि माणूस यांत भेदच करत नाही, आणि त्याची शोकांतिका नेमकी इथेच आहे. राजन गवसांच्या 'भंडारभोग'मधील जोगत्याच्या अंगावरचे लुगडे तर देवीच्या नावाने लादलेले. वस्त्र एकच, पण एकाच्या बाबतीत ती कला, दुसऱ्याच्या बाबतीत गरज आणि तिसऱ्याच्या बाबतीत सक्ती. या तिघांना 'तृतीयपंथी' म्हणणे म्हणजे गुणाच्या गावाने केलेली चूक समीक्षेच्या भाषेत पुन्हा करणे होय.

आणि ज्यांच्यासाठी ही ओळख खरोखर जगण्याची आहे, त्यांचे काय? लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या आत्मकथनातून हिजडा समाजातील गुरू-चेला परंपरा मराठी वाचकाला जवळून दिसली. घराने टाकलेल्याला तिथे घर मिळते. परंतु घर म्हटले की उंबरठाही आलाच. निर्वाण झालेली आणि न झालेली, गुरू केलेली आणि न केलेली अशी उतरंड तिथेही आहे. ज्याला गुरू नाही, टाळी नाही, देवी नाही आणि रंगमंचही नाही, जो दिवसा कचेरीत जातो आणि रात्री आरशासमोर कुंकू लावतो, तो क्रॉसड्रेसर अनेकदा या समाजालाही 'हौशी' वाटतो. स्त्रीदेहात जन्मलेल्या पुरुषाला तर मराठीच्या अभ्यासक्रमात मी कधी भेटलेलोच नाही.

यावर असा आक्षेप येईल, की हक्कांच्या लढाईला एकजूट हवी आणि एकजुटीला एक शब्द हवा. आक्षेप खोटा नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निकालाचा गाभा एका शब्दात सर्वांना कोंबण्याचा नव्हता. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार व्यक्तीला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, हे त्याचे सार होते. 2019 च्या कायद्यानेही आपल्या व्याख्येत हिजडा, किन्नर, अरवानी आणि जोगता अशी निरनिराळी नावे घेतली. कायद्याला छत्रीसारखा शब्द लागतो, हे मान्य. तरी त्यालाही एका नावावर भागवता आले नाही. मग ज्यांचा व्यवसायच शब्दांच्या छटा ओळखण्याचा आहे, त्या आपण साहित्याच्या मंडळींनी एकाच शब्दावर समाधान का मानावे?

आपलेपणा म्हणजे एकसारखेपणा नव्हे. जो समूह सामावून घेण्यासाठी आधी सारखे होण्याची अट घालतो, तो बाहेरच्या समाजाचाच नियम आत आणतो. अध्यापकाच्या हाती यात फार थोडे आहे. पण ते थोडे तरी आहे. स्त्रीवेशाचा संदर्भ आला की हे वस्त्र कोणी, कोणासाठी, कोणाच्या इच्छेने परिधान केले, एवढे तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवता येतात. माणसाला काय म्हणायचे, हे त्याच्याकडूनच ऐकून घेता येते.

तो विद्यार्थी पुढे भेटला नाही. तो कोण, याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही, आणि ते माझे असण्याचे कारणही नाही. पण 'या तिघांपैकी कोण' हा प्रश्न मुळात त्याचा नव्हता. तो माझ्या शेऱ्याने त्याच्यावर लादला होता. भेटला, तर एवढे त्याला सांगायचे आहे.