काच तडकली, दोष पत्र्याचा

पद्मिनीच्या पुढच्या काचेतून पावसाचे पाणी झिरपते अशी तक्रार आली, की अनेक गॅरेजांत रबराच्या खोबणीत पॉलियुरेथेन गोंदाची अख्खी ट्यूब ओतली जाते. पाणी थांबते, मालक खूश होऊन गाडी घेऊन जातो. हे काम आम्हाला साफ अमान्य आहे.

फियाट ११०० ची मोनोकॉक बॉडी १९५३ ची. तिचीच ११०० डी ही आवृत्ती कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे पद्मिनी झाली. या बॉडीचा पीळ सोसायचा तो सिलने, फ्लोअरने आणि पिलरांनी. काचेवर तो भार टाकलेलाच नव्हता. काच रबरात तरंगती असते. रबराच्या एका खाचेत पत्र्याची कड, दुसऱ्या खाचेत काच. एक चाक खड्ड्यात उतरले की चौकट किंचित तिरकी होते, रबर दबते आणि काच वाचते. अँबेसेडरचेही तसेच.

आजच्या गाड्यांचा हिशोब वेगळा. त्यांत चिकटवलेली काच बॉडीचाच भाग असते. ती पीळ सोसते, गाडी उलटली तर छताला आधार देते. अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना काचेवरच टेकते. तिथे प्राइमर, गोंदाची जाडी आणि सुकण्याचा वेळ यांत काटकसर करणे म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणे. तोच गोंद पद्मिनीत भरला की रबराची लवचीकता संपते आणि चौकटीचा पीळ थेट काचेच्या कोपऱ्यांवर येतो. खालच्या कडेत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, पत्रा आतून सडत जातो. पुढच्या वेळी काच काढताना कडच सोलून हातात येते.

एखाद्या गाडीची काच पुन्हा पुन्हा खालच्या कोपऱ्यातून तडकत असेल, तर आधी वाकून सिल बघा. जॅकने एक बाजू उचला. दाराची फट बदलली, तर बॉडी पिळते आहे. तिथे कितीही चांगली काच बसवली तरी टिकणार नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, पण गाडी चारही चाकांवर उभी असताना. ते जुळले, की मग नवे रबर, साबणाचे पाणी आणि सुतळी ही जुनी पद्धत पुरेशी आहे. सीलंट लागलेच, तर कधीही कडक न होणारे वापरा.

यंदा पावसाआधी तुमच्याकडे जुन्या गाडीची काच निघेल, तेव्हा रबर मागवण्याआधी चौकटीची खालची कड खरवडा, पत्रा किती उरला आहे ते पाहा आणि मालकालाही बोलावून दाखवा.