आधी मातीची परीक्षा, मग चुना व जिप्सम

शेजाऱ्याने बागेत चुना टाकला आणि झाडे सुधारली, म्हणून आपणही चार पोती टाकावीत, असा विचार करणारे बागाईतदार आजही पुष्कळ आढळतात. हेतू चांगला असतो. परंतु नाडी न पाहता औषध देणाऱ्या वैद्यासारखीच ही रीत घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्यातील जमिनी एका जातीच्या नाहीत. कोकणातील जांभ्या जमिनीतून अतिवृष्टीमुळे चुन्याचा अंश वाहून जातो व ती आम्लधर्मी बनते. तेथे चुना उपकारक ठरतो. उलट, देशावरील व विदर्भातील अनेक काळ्या जमिनींत चुनखडी मुळातच विपुल असते. तेथे आणखी चुना टाकणे म्हणजे अजीर्ण झालेल्यास पक्वान्न वाढणे होय. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. संत्रा, मोसंबी व द्राक्ष यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात.

जिप्समची गोष्टही अशीच आहे. ज्या जमिनीचा सामू ८.५ च्या वर गेला आहे व जिच्या कणांना सोडियम चिकटला आहे, त्या चोपण जमिनीचे ते औषध होय. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. मात्र सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जाण्यास निचरा हवाच. केवळ क्षार फुलून पांढऱ्या झालेल्या जमिनीस जिप्सम नव्हे, तर चर आणि गोडे पाणी हवे. चुनखडीची जमीनही पांढुरकीच दिसते. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी निदान कसे व्हावे?

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये मिळून १२ बाबी नोंदल्या जातात. ही सोय मोलाची आहे. तथापि मुक्त चुनखडी व विनिमयक्षम सोडियम यांचा त्या १२ बाबींत समावेश नाही. बागेसाठी या दोन्हींची तपासणी प्रयोगशाळेकडे आवर्जून मागावी.

नमुना घेतानाही दक्षता हवी. हंगामी पिकाप्रमाणे वरवरची माती येथे पुरत नाही. लागवडीपूर्वी खड्डा घेऊन ३०, ६० व ९० सेंटिमीटरपर्यंतच्या थरांचे नमुने वेगवेगळे ठेवावेत. बांध, उकिरडा, विहिरीचा काठ व नुकतेच खत दिलेली जागा टाळावी.

तपासणीत दिवस मोडतात, अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे. परंतु हंगामी पीक चुकले तर पुढल्या वर्षी बदलता येते, पंधरा-वीस वर्षांची बाग बदलता येत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अहवाल हाती आल्यावाचून चुन्याची वा जिप्समची शिफारस करू नये, आणि शेतकरी बंधूंनीही तो पाहिल्यावाचून पोते फोडू नये.