बेट उघडताना कुणाला विचारले?

२०२० सालभर लक्षद्वीपमध्ये कोविडचा एकही रुग्ण नव्हता. यात चमत्कार नव्हता. जाणाऱ्याला आधी कोचीत सात दिवस वेगळे राहावे लागे, बेटावर उतरल्यावर पुन्हा काही दिवस. डिसेंबरात प्रशासनाने हा नियम सैल केला. ४८ तासांतला चाचणीचा दाखला पुरेसा ठरला. जानेवारी २०२१ मध्ये पहिला रुग्ण सापडला. तो पर्यटक नव्हता, राखीव दलातला होता हे खरे. पण दार सगळ्यांना एकच. मेअखेर आकडा सहा हजारांवर गेला. आणि वस्ती किती? २०११च्या जनगणनेत सुमारे ६४ हजार.

पर्यटन बंदच ठेवा, असे मी म्हणत नाही. पाहुणे थांबले की काही चुलीही थंडावतात. पण 'समतोल' म्हटले की मी विचारते, तराजू कुणाच्या हातात? गंभीर रुग्णाला जिथून हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते, तिथे नुसत्या दाखल्यावर विसंबणे हा जुगार होता. घरोघरी आजाऱ्यांची उस्तवार बायाच करतात. हा जुगार खेळायचा का, हे त्यांना कधी विचारले?

तिथलीच चित्रपट-दिग्दर्शिका आयेशा सुलताना टीव्हीवर याबद्दल बोलली. 'जैविक अस्त्र' हा शब्द वापरला, जहालच होता. जून २०२१ मध्ये तिच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. केरळ उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला. शब्दावर खुशाल भांडा, पण नियम का सैल केला याचे उत्तर पोलीस ठाण्यातून कसे मिळणार? पुढच्या साथीत असा निर्णय आधी पंचायतीतल्या बाया, परिचारिका आणि आशाताईंपुढे यावा, आणि त्यांना 'नको' म्हणता यावे.