संत्रं पेटीत सडतं, त्याचं काय?

संत्र्याचा हंगाम आला की आपल्याकडे चर्चा होते ती भावाची, फळगळीची आणि बांगलादेशच्या आयात शुल्काची. व्हायलाच हवी. पण तोडलेला माल गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत वाटेत जो सडतो, त्यावर फारसं कुणी बोलत नाही. त्याचा पंचनामा होत नाही. व्यापारी "एवढा माल खराब निघणारच" असं धरूनच भाव सांगतो. म्हणजे पैसे शेवटी कापले जातात ते शेतकऱ्याचेच.

संत्र्यावर आधी पांढरी आणि मग हिरवी भुकटी धरते ना, ती पेनिसिलियम नावाची बुरशी. धडधाकट सालीतून ती आत शिरू शकत नाही. तिला जखम लागते. देठ ओढून तोडलं, नख लागलं, क्रेट आपटलं, की झालं तिचं काम. मग एका फळावरची भुकटी उडून अख्ख्या पेटीवर बसते.

यावर जगभरच्या पॅकहाऊसमध्ये इमॅझॅलिल, थायाबेंडाझोल अशी बुरशीनाशकं वापरतात. पण बुरशी त्यांना दाद देईनाशी होते, आणि दुसरीकडे औषधाच्या अंशाचे नियम कडक होत चाललेत. अंशापायी माल अडकला की काय होतं, हे 2010 साली युरोपात द्राक्षं अडकली तेव्हा नाशिककरांनी भोगलंय.

दुसरा एक मार्ग आहे: यीस्ट. पाव फुगवणाऱ्या यीस्टचेच हे भाऊबंद, फळांच्या सालीवर मुळातच राहणारे. तोडणीनंतर फळं यीस्टच्या पाण्यात बुडवली किंवा त्यावर ते फवारलं, की ते जखमेत जाऊन बसतं आणि तिथला गोड रस भराभर संपवतं. मागून आलेल्या बुरशीला ना जागा उरते, ना खायला. रेल्वेच्या जनरल डब्यात आधी चढणाऱ्याला जागा, तसंच हे!

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1995 मध्ये 'कॅन्डिडा ओलिओफिला' या यीस्टचं 'अस्पायर' नावाचं उत्पादन लिंबूवर्गीय फळं आणि सफरचंदासाठी नोंदलं गेलं. इस्रायलमध्ये द्राक्षावर सापडलेल्या यीस्टपासून 'शेमर' तयार झालं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी "चमत्कारी पावडर" म्हणून पुड्या विकायला येईल. अस्पायर पुढे बाजारातून गेलं. प्रयोगशाळेत छान चालणारं यीस्ट पॅकहाऊसमध्ये दरवेळी तितकं चालेना. कारण साधं आहे. बुरशी आधीच आत रुजली असेल तर यीस्ट तिला बाहेर काढत नाही. ते जिवंत असतं, त्यामुळे उन्हात पडलेल्या गोदामात मरतं. आणि फळ आपटतच राहिलं तर कुठलंच औषध पुरणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी आपल्याच बागांतल्या सालीवरचे यीस्ट घेऊन वरुड, मोर्शी, काटोलच्या चालू ग्रेडिंग-वॅक्सिंग लाइनवर चाचण्या घ्याव्यात. निम्मे क्रेट यीस्टचे, निम्मे नेहमीचे. एकाच ट्रकमधून दिल्लीला पाठवा, तिथे उघडा, सडलेली फळं मोजा आणि आकडे मराठीत जाहीर करा. चांगले आले तरी, वाईट आले तरी. पॅकहाऊस आणि शीतगृहाच्या भिंतींना अनुदान मिळतं, मग आतल्या फळाच्या चाचणीला का नको?

आणि तोवर आपल्या हातातलं आपण करू. देठ ओढू नका, कात्रीने कापा. डागी फळ पेटीत घालू नका. रिकामी क्रेट धुऊन घ्या. याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

तुमच्या पेटीत किती फळं सडून निघतात? खाली गावाच्या नावासकट लिहा. निदान आपण तरी मोजायला सुरुवात करू.