घोडा खातो काय?

पुतणी सुट्टीत नांदेडहून इस्लापूरला येते तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त असतात. याचं मला कौतुकच आहे. पण या वेळच्या साहसी कादंबरीनं माझं डोकं फिरवलं. तेरा वर्षांचा नायक पहिल्याच पानावर घोड्यावर मांड टाकतो, आणि तिथून घोडा जो भरधाव सुटतो तो थेट शेवटच्या पानापर्यंत. मधे नद्या, रात्री, अख्खं अरण्य. वैरण नाही, चंदी नाही, खरारा नाही. लीद तर नाहीच नाही. पेट्रोलसुद्धा न लागणारी मोटारसायकल! मी विचारलं, "हा खातो काय?" ती म्हणाली, "काका, तुम्ही सिनेमातही असंच करता." करतो. जुन्या वाचकांना माझी ही खोड ठाऊक आहे.

मराठी पोरांना साहसाचं वेड लावलं नाथमाधवांच्या 'वीरधवल'नं, १९१३ साली. पुढं गोनीदांनी शिवकाळ उभा केला. भा. रा. भागवत हुशार, त्यांनी फास्टर फेणेला सायकल दिली. सायकलीला हरभरे लागत नाहीत. तिकडे ॲना सिवेलबाईंनी १८७७ साली 'ब्लॅक ब्युटी'त घोड्यालाच बोलतं केलं, तर तो मान वर ताणून धरणाऱ्या लगामाचीच तक्रार करतो. लहानपणी बाईंचा पाय अधू झालेला, पुढं सगळं जाणं-येणं घोडागाडीतून. बाईंना घोडा कळणारच.

आमच्याकडे घोडा दिसतो तो धनगरांच्या मेंढरांमागं. सहस्रकुंडाच्या वाटेला घोडीच्या पाठीवर वाकळ, भांडी, पाय बांधलेली कोंबडी आणि त्या सगळ्यावर सात-आठ वर्षांची पोर. रिकीब नाही, खोगीर नाही, एका हातात भाकरी. त्या पोरीवर कादंबरी लिहिलेली माझ्या तरी वाचनात नाही.

लिहिणाऱ्यांनी निदान माळेगावच्या यात्रेला यावं. मार्गशीर्षातला खंडोबा, लोहा तालुका. तिथं घोडा कुणी पळताना बघत नाही, आधी ओठ उचलून दात बघतात. मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्याला देवमण, म्हणजे शुभ भोवरा, असला की व्यापाऱ्याचा आवाज चढतो. एकदा मी उभा होतो तिथं एका पाटलांनी कुमैत घोडीच्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

"आसूढाळ हाय की हो ही. घरात रडारड आणंल."

"भोवरा कुठला मालक, माशी बसलीय. काय पाहायलाव तुम्ही!"

पाटलांनी फुंकर मारली. माशी खरंच होती, उडाली. खालचा भोवरा मात्र जागच्या जागी. दोघंही क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. घोडीनं पाटलांच्या उपरण्याचं टोक चघळायला घेतलं. व्यापाऱ्यानं तेच उपरणं तिच्या तोंडातून ओढून पाटलांच्या हातावर टाकलं, खाली आपला हात घातला आणि बोटं दाबून भाव सांगायला सुरुवात केली.