मुंबईची पहिली स्थानके

बोरीबंदर हे मुंबईचे पहिले रेल्वे स्थानक. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन ठाण्याकडे निघाली, तेव्हा तिथे साधी लाकडी इमारत होती. या लोहमार्गासाठी झटणाऱ्यांत नाना शंकरशेट अग्रभागी होते. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी रचलेल्या आजच्या भव्य वास्तूचे काम १८७८मध्ये सुरू झाले. पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. तिच्या वैभवापुढे भायखळ्याचे जुने, देखणे स्थानक उगाच दुर्लक्षित राहते. पश्चिम रेल्वेमार्गावरच्या कुलाबा स्थानकाला तर शहर विसरूनच गेले. डिसेंबर १९३०मध्ये मुंबई सेंट्रल सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाबा बंद झाले. तेव्हापासून चर्चगेट हेच त्या मार्गाचे दक्षिण टोक आहे.